साठातला एक्केचाळिसावा

रजिस्टर पोस्टानं आलेला कागद
बिद्याधर बेहेरानं देवापाशी ठेवला होता,
जगन्नाथाच्या गोल डोळ्यांखाली,
कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून.
शिक्का बँकेचा, मजकूर इंग्रजी,
म्हणजे काहीतरी पक्कं झालं असणार,
असं कुंतलाला वाटलं.

एक्केचाळीस दिवस उदबत्तीची राख पडत राहिली
साठ दिवसांच्या मुदतीवर.

दांडिया बाजारात, माझ्या जिन्याखालच्या टेबलाशी
रविवारी दोघं आले तेव्हा
तो मला नानी म्हणाला.
माझा हात आपसूक केसांकडे गेला.
गंजामकडे थोरल्या बहिणीला म्हणतात,
हे मागाहून कळलं.

कागद उघडला आणि ओळखलाच मी.
एकोणतीस वर्षं बँकेत, त्यातली नऊ वसुलीत,
हाच धाडत होते, नाव बदलून, आकडा बदलून.
तिसऱ्या परिच्छेदातला तो स्वल्पविराम
बहुतेक माझाच,
ज्याच्यामुळे वाक्य संपता संपत नाही
आणि वाचणारा अध्यात सोडून देतो.

चुकलं कुठे, ते शोधायला पासबुकाची सात पानं लागली.
फोनवरची मुलगी भरभर बोलली होती,
हा तीनदा 'यस मॅडम' म्हणाला.
पहिल्या यसला एक विमा चिकटला.
दुसऱ्याला हप्त्याची तारीख सरकली, बाराची पाच.
तिसरा यस नुसताच, आदबीनं.
मकरपुऱ्याच्या कारखान्यात पगार दहाला होतो.
पाच ते दहा,
त्या पाच दिवसांत घर निसटत होतं,
तरसालीचं, तिसऱ्या मजल्यावरचं,
ज्याचा एकेक नळ त्यानं स्वतः बसवलाय.

पझेशन म्हणजे काय, नानी?
ताबा, मी म्हटलं. मग कबजो म्हटलं.
कुंतला माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मग त्यानंच हळूच सांगितलं तिला: दखल.
तिनं पदर तोंडाशी नेला.

आमच्यात दखल घेणं म्हणजे
कुणाचं तरी ऐकून घेणं.

अर्ज मी लिहिला.
पगाराच्या पावत्या जोडल्या, तारीख पूर्ववत करा म्हटलं,
थकलेलं चार महिन्यांत फेडतो म्हटलं,
वाक्यं आखूड ठेवली, नळासारखी, गळणार नाहीत अशी.
खाली त्यानं ओडियात सही केली.
आपल्या अक्षरांवर सरळ तुळई असते,
त्याच्या अक्षरांवर घुमट होते.
इंग्रजीत करू का, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, घर ज्याचं, सही त्याची.

सोमवारी शाखेत गेलो.
मॅनेजर माझ्याच हाताखाली शिकलेला.
खुर्ची दिली, चहा मागवला, घड्याळ पाहिलं.
मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे.
माहीत होतं,
म्हणून पोच मागितली, तारखेसकट, शिक्क्यासकट.
शिक्का मारताना तो माझ्याकडे बघेना.
मीही कधी बघत नव्हते.

बाराव्या दिवशी उत्तर आलं.
या वेळी कागद देवापाशी गेला नाही.
संध्याकाळी दोघं टेबलाशी उभे,
आणि मी चष्मा शोधेपर्यंत
बिद्याधर ओळींखालून बोट फिरवत होता,
जाड, पान्याचे घट्टे पडलेलं बोट,
वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून.
त्याला इंग्रजीतला तेवढाच एक शब्द
चेहऱ्यानं ओळखू येत होता आता,
मधे दोनदा जोडीनं उभे असलेले एस.

नाही इथे, नानी, तो म्हणाला. कुठेच नाही.

मी वाचलं. हो नव्हतं, नाहीही नव्हतं.
पत्र मिळालं, विचार चालू आहे,
आपल्या म्हणण्याची
आणि पुढचा शब्द मराठीत माझ्या ओठांवर आला.
कुंतला बघत होती.
गिळला तो.
ऐकलं म्हणतात, मी म्हटलं,
तुमचं ऐकलं म्हणतात,
आणि फाइलवर आकडा टाकला: त्रेपन्न गेले, सात उरले.